चित्रकार नसताना कोडने चित्र: एका ए३ कागदाच्या नोंदी

७ जून

ठरवलेलं काम एवढंच: कोड लिहून एक चित्र काढायचं, ते ए३ आकारात छापायचं, आणि ते भिंतीवर लावावंसं वाटलं पाहिजे. चित्रकलेचं शिक्षण नाही, रंगांचंही नाही. प्रोग्रामिंग येतं, पण याद्या, तक्ते, अहवाल या धाटणीचं. अशाच स्थितीतून कोणी सुरुवात करणार असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

साधन म्हणून पी५ जेएस घेतलं. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटीत ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं, ते दृश्यकलेतल्या लोकांना कोड लिहिता यावा म्हणून. पी५ ही त्याच घराण्यातली जावास्क्रिप्ट लायब्ररी. मी उलट्या बाजूने येतोय, पण सोय तीच: फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि एक ओळ बदलली की परिणाम लगेच समोर दिसतो.

पहिल्या बैठकीत सगळंच रँडम ठेवलं. जागा, आकार, रंग, सगळं. वर्तुळांचा ढीग पडला. पान पुन्हा लोड केलं, दुसरा ढीग. खूप वेळा लोड केल्यावर लक्षात आलं की प्रत्येक ढीग वेगळा असूनही सगळे सारखेच दिसतात. एकही जपून ठेवावासा वाटला नाही. ड्रॉ फंक्शन सेकंदाला साठ वेळा चालतं, तेव्हा स्थिर चित्रासाठी सुरुवातीलाच नोलूप (एकदाच काढून थांब) लिहा, नाहीतर ढीग डोळ्यांसमोर थरथरत राहतो.

१० जून

नवीन काही सुचवण्याआधी एखादं जुनं चित्र कोडने पुन्हा काढून बघायचं ठरवलं. संगणककलेच्या सुरुवातीच्या काळातले जर्मन कलाकार गेऑर्ग नेस यांचं ‘शॉटर’ निवडलं. १९६८च्या सुमाराचं काम. १२ स्तंभ, २२ ओळी, सगळे चौकोन एकाच आकाराचे. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या, आणि खाली जावं तसे चौकोन फिरत, सरकत, विस्कटत जातात. रंग नाही, रेघांची जाडी बदलत नाही.

कोड वीस ओळींत बसला. चौकोन किती फिरवायचा आणि किती सरकवायचा हे दोन्ही आकडे रँडम, फक्त त्यांची मर्यादा ओळीच्या क्रमांकाबरोबर वाढते. माझ्या पहिल्या आवृत्तीत ही वाढ समप्रमाणात होती आणि चौथ्या-पाचव्या ओळीपासूनच चित्र हललेलं दिसायला लागलं. क्रमांकाला एकूण ओळींनी भागून त्याचा वर्ग घेतला. वरचा भाग जास्त वेळ शांत राहिला आणि खालची पडझड अधिक जोरकस झाली.

७ तारखेच्या ढिगाऱ्यातही रँडम होतं आणि यातही आहे. फरक असा की इथे कोणीतरी ठरवलंय की गोंधळ कुठे चालेल आणि कुठे नाही. त्या निर्णयाला हात चालावा लागत नाही. तो मला घेता येईल असं पहिल्यांदाच वाटलं. पुढच्या सगळ्या कामात हाच प्रश्न विचारायचा असं वहीत लिहून ठेवलंय: या चित्रात रँडमला कुठली खोली उघडी आहे?

१४ जून

आता स्वतःचं चित्र. कल्पना: पूर्ण कागदभर वाहत्या रेघा, नदीच्या पात्रातल्या वाळूवर उमटतात तशा. याला फ्लो फील्ड म्हणतात. कागदावरच्या प्रत्येक बिंदूला एक दिशा द्यायची, एका जागी बिंदू सोडायचा, आणि तो ज्या दिशेने ढकलला जाईल तिकडे रेघ ओढत न्यायची. दिशा रँडमने दिली तर रेघ जागच्या जागी तडफडते. शेजारच्या बिंदूंच्या दिशा एकमेकींना धरून बदलायला हव्यात. त्यासाठी नॉइज फंक्शन: शेजारच्या बिंदूंना जवळजवळच्या किमती देणारं रँडम. या तंत्राचा पाया केन पर्लिन यांनी घातला आणि १९८५ मध्ये तो मांडला. संगणकावरचे ढग, संगमरवर, डोंगर यांत ते सर्रास वापरलं जातं.

सगळे धडे सांगतात ते केलं: नॉइजची किंमत शून्य ते एक, तिला दोन पायने (२π, म्हणजे पूर्ण फेरी) गुणलं, झाला कोन. चित्र आलं, छान वाहतं होतं, पण सीड (रँडमची सुरुवात ठरवणारा आकडा; तोच दिला की तेच चित्र) कोणताही दिला तरी रेघा डावीकडेच जायच्या. संध्याकाळ यात गेली. शेवटी नॉइजच्या दहा हजार किमती काढून त्यांचा आलेख पाहिला. किमती शून्य ते एकमध्ये सारख्या पसरलेल्या नसतात, मध्यावर दाटलेल्या असतात. अर्ध्या गुणिले दोन पाय म्हणजे एक पाय, म्हणजेच डावीकडची दिशा. गुणक वाढवला की कोन पूर्ण फेऱ्या घेतात आणि हा कल लपतो.

मग दुसरी अडचण. मांडणी सोपी व्हावी म्हणून आरंभबिंदू कागदाच्या मध्यावर आणला, आणि चित्र चारही बाजूंना आरशात पाहिल्यासारखं झालं. मी वापरतो त्या पी५च्या पहिल्या मालिकेतल्या आवृत्तीत नॉइजला ऋण आकडा दिला तर तो चिन्ह टाकून देतो. उणे तीन आणि तीन त्याला सारखेच. दोन्ही अक्षांत हजार मिळवले की काम झालं.

१९ जून

कोनाच्या पद्धतीत एक खोट आहे, ती गुणक बदलून जात नाही. रेघा काही ठिकाणी एकमेकींकडे ओढल्या जातात आणि त्यांचा जाड दोर बनतो. दुसरीकडे मोठी ओसाड जागा राहते. थोडं असेल तर बरं दिसतं, पण माझ्या कागदावर तीन-चार दोर आणि बाकी काही नाही असं होत होतं.

उपाय कर्ल. नॉइजची किंमत म्हणजे जमिनीची उंची समजा. प्रत्येक बिंदूपाशी चढ कुठल्या दिशेला आहे ते काढायचं आणि त्याला काटकोनात चालायचं. म्हणजे रेघ नकाशावरच्या समोच्च रेषेसारखी एकाच उंचीवरून जाते. दोन उंच्यांच्या रेषा कधी एक होत नाहीत, त्यामुळे दोर बनत नाहीत. चढ काढायला वेगळं गणित लागत नाही: बिंदूच्या किंचित उजवीकडची आणि डावीकडची किंमत घेऊन वजा करायची, तसंच वरखाली.

दोर गेले आणि पायऱ्या आल्या. ठरावीक अंतरावर सगळ्या रेघा एकदम आडव्या व्हायच्या, पुन्हा वळायच्या, पुन्हा आडव्या. कोनाच्या पद्धतीत हे अजिबात दिसलं नव्हतं. पायरीची रुंदी मोजली तर ती नॉइजच्या एका पूर्ण एककाएवढी निघाली. पी५चा नॉइज एका जाळीवर आकडे ठेवतो आणि मधली जागा कोसाइनच्या वळणाने भरतो. ते वळण जाळीच्या प्रत्येक उभ्या रेघेशी सपाट होतं, म्हणजे तिथे आडवा चढ शून्य. किमती पाहत होतो तोवर हे झाकलेलं होतं, चढ मोजायला लागलो तेव्हा उघडं पडलं. पर्लिन यांनीच २००१ मध्ये मांडलेला सिम्प्लेक्स नॉइज चौकोनी जाळी वापरत नाही. त्याची एक लहान जावास्क्रिप्ट लायब्ररी जोडली आणि पायऱ्या गेल्या. कोणी कर्ल करणार असेल तर पहिल्या दिवसापासून सिम्प्लेक्स घ्या, पी५चा अंगचा नॉइज त्यासाठी नाही.

एक शेवटची दुरुस्ती. समोच्च रेषा डोंगराभोवती फिरून स्वतःलाच येऊन मिळतात, त्यामुळे लाकडातल्या गाठींसारखी बंद वर्तुळं भरपूर होती. उंचीमध्ये सगळ्या कागदाला एक तिरका उतार मिळवला. आता प्रवाहाला एक सर्वसाधारण दिशा आहे आणि गाठी मोजक्याच, जिथे डोंगर उतारापेक्षा बळकट तिथेच. उतार किती ठेवायचा हा एक आकडा या चित्रातला सगळ्यात मोलाचा आकडा ठरला. शून्याजवळ सगळं गाठीच गाठी, जास्त झाला की कंटाळवाणा समांतर पट्टा.

२२ जून

आज एक अतिशय सुंदर चित्र आलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात एकच गाठ आणि बाकी सगळ्या रेघा तिला वळसा घालून खाली जाणाऱ्या. पान चुकून लोड झालं आणि ते गेलं. रँडमसीडला ठरलेला आकडा दिलेला होता, तेव्हा परत येईल असं वाटलं. आलं नाही.

कारण: सिम्प्लेक्सच्या लायब्ररीने आपलं आतलं टेबल मॅथ रँडम (जावास्क्रिप्टचं स्वतःचं रँडम) वापरून बनवलं होतं आणि पी५च्या रँडमसीडचा त्याच्याशी काही संबंध नाही. पी५च्या रँडमला एक सीड, पी५च्या नॉइजला वेगळा सीड, आणि बाहेरच्या लायब्ररीला तिसरीच वाट. आता लायब्ररीला माझं रँडम फंक्शन हाताने देतो, कोडमध्ये मॅथ रँडम कुठेही उरलेलं नाही हे शोधून पाहिलंय, आणि प्रतिमा सेव्ह होताना फाइलच्या नावात सीड आणि कोडच्या आवृत्तीचा क्रमांक आपोआप जातो. आवृत्तीही हवी, कारण एक जादा रँडम हाक मधे घुसली तर तोच सीड दुसरं चित्र देतो.

हे काम पहिल्या दिवशी अर्ध्या तासात होण्यासारखं आहे. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं करा.

२९ जून

रेघांमधलं अंतर. आत्तापर्यंत सुरुवातीचे बिंदू रँडम टाकत होतो, त्यामुळे काही रेघा एकमेकींना चिकटून आणि काही लांब. ब्रुनो जोबार आणि विल्फ्रिड लफेर यांनी १९९७ मध्ये समान अंतराच्या प्रवाहरेषांची जी रीत दिली ती वापरली: नवी रेघ जुन्या रेघेच्या ठरावीक अंतरावरून सुरू करायची आणि पुढे जाताना दुसऱ्या कुठल्याही रेघेच्या फार जवळ आली की तिथेच थांबवायची.

पहिल्यांदा प्रत्येक नवा बिंदू आधीच्या सगळ्या बिंदूंशी ताडून पाहत होतो. रेघा दाट झाल्यावर ब्राउझर गोठायचा. कागदावर किमान अंतराएवढे चौरस कप्पे पाडले, प्रत्येक बिंदू आपल्या कप्प्यात नोंदवला, आणि तपासताना फक्त स्वतःचा व भोवतालचे आठ कप्पे पाहिले. कित्येक मिनिटांचं काम काही सेकंदांत व्हायला लागलं. हा वेग केवळ सोयीचा नाही. एका चित्राला दहा मिनिटं लागत असतील तर माणूस आलं त्याला चांगलं म्हणायला लागतो. क्षणात येत असेल तर टाकून द्यायला मन कचरत नाही.

थांबवलेल्या रेघांचे बारीक तुकडे राहतात. ते कचऱ्यासारखे दिसतात, म्हणून ठरावीक लांबीखालची रेघ काढतच नाही.

सगळं समान झाल्यावर मात्र चित्र छापील कापडासारखं दिसायला लागलं. नीटनेटकं, आणि नजर कुठेही थांबत नाही. संगणकाने चित्रं काढणाऱ्या व्हेरा मोल्नार यांचं १९६८-६९चं ‘इंटरप्शन्स’ पुन्हा पाहिलं. बारीक रेघांची दाट जाळी, आणि तीत मधेच काही जागा कोऱ्या सोडलेल्या. नजर सगळ्यात आधी त्या कोऱ्या जागांकडे जाते. तेच माझ्याकडे आणलं: एक वेगळा, फार सावकाश बदलणारा नॉइज, आणि त्याची किंमत एका मर्यादेपलीकडे गेली की तिथे रेघेला बंदी. किमान अंतरही याच नॉइजवर बांधलं, म्हणजे कोऱ्या जागेच्या काठाशी रेघा विरळ होत जातात. इतक्या दिवसांत एवढा मोठा बदल दुसऱ्या कशाने झाला नव्हता.

६ जुलै

रंगांना मी सगळ्यात जास्त घाबरून होतो आणि सगळ्यात जास्त वेळही त्यांनीच घेतला.

लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे रँडम दिले तर बहुतेक रंग मळकट येतात आणि एकमेकांचे कोणी लागत नाहीत. एचएसबी पद्धतीत (छटा, तीव्रता, उजळपणा असे तीन आकडे) छटा रँडम आणि बाकी दोन आकडे स्थिर ठेवले. नियमाने सगळे रंग सारखेच उजळ असायला हवेत. प्रत्यक्षात पिवळ्या रेघा ओरडत होत्या आणि निळ्या मागे बुडाल्या होत्या. एचएसबीतला उजळपणा स्क्रीनच्या हिशेबातला आहे, डोळ्यांच्या नाही. ब्योर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये ओकेलॅब नावाची रंगपद्धत मांडली, तिच्यात उजळपणाचा आकडा डोळ्याला दिसतो त्याच्या बराच जवळ जातो. तिच्याच ओकेएलसीएच रूपात रंग निवडले आणि पिवळं-निळं एका पातळीवर आलं.

पण चित्र तरी जमेना, कारण आता सगळेच रंग एका पातळीवर. एक चाचणी सापडली, ती रोज वापरतो: चित्र करडं करून पाहायचं. करड्यात सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर रंग कितीही बदला, चित्र सपाटच राहतं. रंगाआधी गडद, मध्यम आणि फिका यांची वाटणी ठरवावी लागते. म्हणून पाचच रंग ठेवले: एक अगदी गडद निळा, एक मध्यम हिरवट, एक मध्यम तपकिरी, एक फिका राखाडी आणि एक केशरी. वाटणीही सारखी नाही. निम्म्याहून जास्त रेघा गडद निळ्या, केशरी शंभरात दोन-तीन.

शेवटचा प्रश्न, कुठल्या रेघेला कुठला रंग. प्रत्येक रेघेसाठी चिठ्ठी टाकली तर पुन्हा ७ जूनचा ढीग. म्हणून रंग जागेवरून ठरतो, तोही सावकाश बदलणाऱ्या नॉइजने, त्यामुळे हिरवट रेघांचा एक प्रदेश होतो आणि तपकिरी रेघांचा दुसरा. फक्त केशरीला मोकळीक: ती कुठल्याही प्रदेशात येऊ शकते, पण एकीच्या जवळ दुसरी नाही. ही एक खोली उघडी ठेवली आणि बाकी बंद केल्या, तेव्हा चित्र जिवंत वाटलं.

१३ जुलै

निवड. एका पानावर सहा बाय आठ अशी छोटी चित्रं, प्रत्येकाखाली सीड. अशी पानं काढायची, आवडलेल्यांवर खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी खुणा न बघता पुन्हा निवडायचं. दोन्ही दिवशी जे निवडलं गेलं तेच पुढे. पहिल्या दिवशीच्या खुणांपैकी बऱ्याचशा दुसऱ्या दिवशी गळतात. त्या दिवशी फक्त नवलाई आवडलेली असते.

लहान आकारात पाहण्याचा फायदा असा की रेघांचं नक्षीकाम दिसत नाही, फक्त मांडणी दिसते: कोरी जागा कुठे, गडद भाग कुठे, नजर कुठून शिरते. लहान असताना ज्याची मांडणी ओळखू येत नाही ते मोठं केल्यावरही ओळखू येत नाही.

दर वेळी नाकारताना कारण एका शब्दात लिहिलं. ‘मध्यावर गाठ’, ‘काठ रिकामा’, ‘दोन सारखे भाग’. काही कारणं वारंवार यायला लागली, तेव्हा ती कोडमध्येच घातली. उदाहरणार्थ, कोरी जागा अगदी मध्यावर आली तर तो सीड आपोआप बाद. कोडने चित्र काढण्यात आवडनिवड संगणकावर सोडलेली असते असं लोकांना वाटतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. स्वतःला काय आवडतं ते इतक्या स्पष्टपणे मला कधीच सांगावं लागलं नव्हतं.

२० जुलै

निवडलेलं चित्र मोठं करायला गेलो. ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. कॅनव्हासचे आकडे बदलले आणि वेगळंच चित्र आलं. सीड तोच. कोडमध्ये अंतरं पिक्सेलमध्ये होती, कागद मोठा झाल्यावर जास्त रेघा बसल्या, जास्त वेळा रँडमला हाक गेली आणि सगळा क्रम सरकला.

आता रुंदीचा हजारावा भाग हे एकक धरलंय आणि अंतर, जाडी, पावलाची लांबी, नॉइजचा पल्ला सगळं त्यात. सगळा कोड त्यासाठी चाळावा लागला. घाई असेल तर कॅनव्हास तसाच ठेवून पिक्सेलडेन्सिटी (कॅनव्हासच्या एका एककामागे किती पिक्सेल) वाढवली तरी चालतं, आकृती बदलत नाही. तिच्याबद्दल आणखी एक: काही स्क्रीनवर ती आपोआप दोन असते, त्यामुळे सेव्ह केलेली फाइल अपेक्षेच्या दुप्पट रुंद निघते. आकडा स्वतः लिहून टाका.

२७ जुलै

पहिली छापील प्रत हातात. तीन गोष्टी बिघडल्या.

गडद निळा करडा पडला. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने, आणि स्क्रीनवरचे बरेच झळझळीत निळे-हिरवे शाईत मिळतच नाहीत. रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचा हिशेब) करून स्क्रीनवर आधीच पाहता येतं. मी ते छापल्यावर पाहिलं. निळ्याची तीव्रता उतरवून तो शाईला जमेल असा केला.

फिक्या राखाडी रेघा तुटक आल्या. फिका रंग छपाईत ठिपक्यांनी बनतो आणि रेघ ठिपक्यांइतकीच बारीक असेल तर ती सलग दिसत नाही. पाव मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला साधारण तीन पिक्सेल, यापेक्षा बारीक फिकी रेघ आता ठेवत नाही. गडद रेघ त्याहून बारीक चालते.

तिसरं, पार्श्वभूमीला दिलेला हलका पिवळसर रंगही ठिपक्यांनीच छापला गेला आणि कोऱ्या जागा कोऱ्या राहिल्या नाहीत. पार्श्वभूमी काढून टाकली आणि मुळातच पिवळसर असलेला, न चकाकणारा जाड कागद घेतला.

३ ऑगस्ट

दुसरी प्रत नीट आली. निळा खोल आहे, केशरी रेघा लांबूनही वेगळ्या दिसतात, कोऱ्या जागेत नुसता कागद आहे. फ्रेम करून लावली.

एक गोष्ट स्क्रीनवर कधीच कळली नसती. सगळ्या रेघांची टोकं सारखीच गोल आहेत आणि हातभर अंतरावरून ती मोजून कापल्यासारखी दिसतात. पुढच्या आवृत्तीत शेवटच्या दहाव्या भागात जाडी हळूहळू कमी करायची. त्यासाठी प्रत्येक रेघ तुकड्यातुकड्यांत काढावी लागेल.

त्यानंतर पेन प्लॉटर, म्हणजे खरं पेन धरून कागदावर रेघ ओढणारं यंत्र. नेस यांच्या वेळीही रेघ प्लॉटरनेच ओढली जायची, छपाईच्या ठिपक्यांचा प्रश्नच नाही. एसव्हीजी फाइल (पिक्सेलऐवजी रेघाच साठवणारी) काढण्याचा कोड लिहून ठेवलाय, पण त्यात रेघांचा क्रम लावलेला नाही. आत्ता पेन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उगाच उड्या मारेल. प्रत्येक रेघ संपली की सगळ्यात जवळचं टोक शोधून तिथून पुढची सुरू करायची, रंगानुसार वेगळे थर करायचे. २९ जूनचे कप्पे इथेही कामाला येतील, तिथूनच सुरुवात करतोय.